एक बदनाम जनावर



शाळेतल्या वाचनपेटीबद्दल या महिन्यात लिहू, असे आम्ही मागच्या अंकात कबूल केले होते. ते पुढच्या वेळी. मध्ये एक गोष्ट घडली आणि तिच्यात थोडी चूक आमचीही आहे, म्हणून ती आधी सांगून मोकळे व्हावे म्हणतो.

आपल्या राज्यात 2020 पासून दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 तारखेला डॉ. सलीम अलींचा. एक सोलापूरचा तेलुगू घरातला माणूस, ज्याने वनखात्यात नोकरी करून मराठीला पाखरांचे आणि झाडांचे शेकडो शब्द दिले. दुसरा मुंबईचा बोहरा घराण्यातला मुलगा, ज्याने सगळ्या हिंदुस्थानाला पाखरे ओळखायला शिकवले. आम्ही उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे हा सप्ताह जणू आमच्यासाठीच काढला आहे असे आम्हाला दरवर्षी वाटते. चितमपल्ली तर कित्येक वर्षे आमच्या नागपुरातच राहिले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा आम्ही वर्गात त्यांच्याबद्दल बोललो होतो आणि पोरांनी विचारले होते, "सर, पाखरं बघायची नोकरी असते?"

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून या नोव्हेंबरात सातवीच्या 26 मुलांना गोरेवाड्याच्या तलावावर न्यायचे ठरले.

ठरवणे सोपे, नेणे अवघड. पालकांची सभा घेतली तर पाखरांबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही, सगळे प्रश्न बिबट्याबद्दल. त्यांचेही चुकत नव्हते. 2019 मध्ये मिहानच्या भागात वाघ फिरत होता. 2021 च्या मे-जूनमध्ये एक बिबट्या थेट शहरात आला, आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरात दिसला आणि मग कितीतरी दिवस वनखात्याला फिरवत राहिला. लॉकडाऊनचे दिवस होते, लोक आधीच घरात बसलेले, त्यात हा. गोरेवाड्याचे जंगल म्हणजे तर 1900 हेक्टरांहून मोठे, शहराला अगदी खेटून. तिथे प्राणिसंग्रहालय आहे ते कुंपणातले, पण कुंपणाबाहेरच्या रानातही बिबटे आहेत, नीलगाई आहेत, रानडुकरे आहेत. आम्ही सांगितले, आपण तलावाच्या बांधावर थांबणार, रानात शिरणार नाही, सोबत विज्ञानाच्या मॅडम आणि शिपाईचाचा असतील. एका वालिदांनी सही करता करता म्हटले, "सर, बिबट्या दिसला तर त्याचीही हजेरी घ्या." सभा हसली आणि चिठ्ठ्या भरून आल्या.

मुले फजर आटोपून शाळेच्या फाटकाशी आली तेव्हा अंधारच होता. कोणी टोपीवर कानटोपी चढवलेली, कोणी अम्मीची शाल गुंडाळलेली. बसमध्ये आम्ही सलीम अलींची गोष्ट सांगितली. दहा वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. उचलून पाहतात तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले, तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी कपाटे उघडून पेंढा भरलेली पाखरे दाखवली, आणि मुलगा पुढे आयुष्यभर त्या वाटेवरून परतलाच नाही. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातही एक पडणारी चिमणी आहे.

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, मग त्यांनी ती चिमणी मारलीच ना?"

मारलीच, आम्ही म्हणालो. आवाज ज्याचा होता तो मुलगा पुढे काही बोलला नाही. लक्षात ठेवा त्याला.

गोरेवाड्याचा तलाव जुना, शंभराहून अधिक वर्षांचा. नागपूरला पाणी मिळावे म्हणून बांधला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्यावरून वाफेसारखे धुके उठत होते आणि पलीकडचे झाड दिसत नव्हते. दुर्बिणी दोनच, एक शाळेची आणि एक मॅडमच्या भावाची. प्रत्येकाने वीस मोजेपर्यंत बघायचे आणि पुढच्याला द्यायची, असा कायदा केला. पहिल्या दहा मिनिटांत तो मोडला. पण धुके वर गेले तसे दुर्बिणीवाचूनही दिसू लागले. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी. किनाऱ्याच्या लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी, तिच्या लाल चोचीवर मुली फिदा. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. शेपटी खालीवर हलवत पळणारा धोबी, जो थंडीचा पाहुणा म्हणून उत्तरेकडून येतो.

बांधाच्या उतारावर एक तपकिरी पाखरू चोच मातीत खुपसत होते, डोक्यावर तुरा. आम्ही नाव सांगायच्या आत चारपाच जण ओरडले, "हुदहुद!" सुलैमान अलैहिस्सलाम यांची गोष्ट मदरशात ऐकलेली पोरे. मराठीतही त्याला हुदहुद्याच म्हणतात हे सांगितल्यावर त्यांना मराठी एकदम आपल्या घरातली वाटली. मग पाण्यावर भिंगऱ्या घिरट्या घालताना दिसल्या. उर्दूत तिला अबाबील म्हणतात. आता सूरह फीलची आठवण निघणारच होती. आम्ही मास्तर असल्यामुळे तिथेही गप्प बसवले नाही. अरबीत त्या शब्दाचा अर्थ ‘थवेच्या थवे’ असा करतात, एका विशिष्ट पाखराचे ते नाव नव्हे, उर्दूने पुढे ते या पाखराला दिले, असे समजावू लागलो. मॅडमनी डोळ्यांनी खुणावले की सर, पाखरू उडून गेले.

सात वाजून गेले असतील. बांध जिथे संपतो तिथे एक जुनी चिंच आहे. तिच्याकडून सातभाईंचा कालवा सुरू झाला. सातभाई तुम्ही पाहिलेच असतील, मळकट रंगाची, पिवळसर डोळ्यांची, टोळीने राहणारी आणि सदा भांडत असल्यासारखी बोलणारी पाखरे. पण हे नेहमीचे भांडण नव्हते. दहाबारा पाखरे एकाच फांदीभोवती पंख फडफडवत होती, एक कोतवाल वरून सूर मारत होता, दोन कावळेही येऊन सामील झाले होते. पाखरे अशी एकवटून ओरडू लागली की तिथे साप, घुबड, मांजर, कोणी तरी आहे असे समजावे. हे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. प्रत्यक्ष पाहिले ते त्या दिवशी.

मुले दबक्या पावलांनी गेली. दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात एक काळसर गोळा होता. आधी वाटले वाळलेल्या पानांचे घरटे असेल. मग त्या गोळ्याने डोके उचलले. काळा मुखवटा घातल्यासारखा चेहरा, डोळ्यांखाली पांढुरके ठिपके, निमुळते नाक. अंगावर राखाडी राठ केस, पाठीवर पुसटशा ठिपक्यांच्या रांगा, आणि खाली लोंबणारी अंगाएवढी लांब शेपटी. मांजराएवढे, पण मांजर नव्हे. मुंगसासारखे, पण मुंगूस नव्हे. ते आमच्याकडे झोपमोड झालेल्या माणसासारखे बघत होते.

आणि आमच्या तोंडातून निघून गेले, "अरे, हा तर बिज्जू!"

हा शब्द आमच्या घरात भुतासारखा वाढला आहे. लहानपणी आम्ही झोपेनासे झालो की अम्मी म्हणायची, बिज्जू येईल. आमच्या कवेलूच्या घरात रात्री माळ्यावर धावाधाव झाली की तो बिज्जू. तो कब्रस्तानात राहतो, ताजी कबर उकरतो, मय्यत ओढून नेतो, म्हणून त्याचे पूर्ण नाव कब्रबिज्जू. आमच्या वस्तीतल्या कोणत्याही घरात विचारा, हीच माहिती मिळेल, आणि सांगणाऱ्याने स्वतः तो कधी पाहिलेला नसेल. आम्हीही पाहिला नव्हता. तरी ओळखला!

शब्द हवेत असतानाच एक दगड आमच्या कानाजवळून गेला.

तो फांदीला लागला. सालपट उडाले, सातभाई भर्रकन पांगले, जनावर उठून उभे राहिले. दुसरा दगड उचललेला हात आम्ही पकडला तेव्हा कळले की हा बसमधला मागच्या बाकावरचा मुलगा. एरवी वर्गात जवळजवळ नसल्यासारखा असणारा. त्याचे ओठ थरथरत होते. तो म्हणाला, "सर, इसीने नाना की कब्र खोदी." त्याचे पाहून आणखी दोघा-तिघांनी खडे उचलले होते. आमच्याच वर्गातली, सकाळी हुदहुद पाहून नाचलेली मुले.

त्यांना थांबवले ते आम्ही नव्हे. खाली पाण्याजवळ एक म्हातारे ढीवर बाबा जाळे आवरत होते. ते तिथूनच ओरडले, "अबे पोट्टेहो, ठेवा ते गोटे खाली! का केलं त्यानं तुमचं?" मग वर चढून आले आणि आम्हाला म्हणाले, "अजी गुरुजी, तो बिज्जू नोहे. हे उदमांजर हाय. शिंदीचे फळं खाते, उंबर खाते, उंदीर खाते. आमच्या घरावर त रोज नाचते." तोवर जनावर शांतपणे खोडावरून वर गेले आणि एका ढोलीत दिसेनासे झाले. शेपटीचे टोक तेवढे थोडा वेळ बाहेर होते.

परतताना बसमध्ये तर्री-पोहे खायला थांबलो, पण कोणाचे चित्त नव्हते. मुलगा खिडकीकडे तोंड करून बसला होता. आम्ही त्याच्या शेजारी बसलो. बोलायला काही सुचले नाही. मास्तरकीच्या वीस वर्षांत असे क्वचित झाले आहे.

त्या रात्री आम्ही आणि मॅडमनी फोनवरून, पुस्तकांतून माहिती गोळा केली. ती इथे देतो, कारण आमच्याइतकेच अडाणी आमचे काही वाचकही असतील. ढीवर बाबा खरे होते. आपण पाहिले ते उदमांजर. मराठीत त्याला कांडेचोर म्हणतात, काही ठिकाणी मसण्याऊद. मसण म्हणजे स्मशान. म्हणजे हिंदू शेजाऱ्यांनी त्याला आपल्या स्मशानात बसवले आणि आपण आपल्या कब्रस्तानात. एवढ्या एका बाबतीत दोन्ही समाजांचे किती सहज एकमत झाले पाहा! इंग्रजीत त्याला टॉडी कॅट म्हणतात, कारण ताडी-शिंदीच्या झाडावर लावलेल्या मडक्यातला रस ते पिऊन जाते. बंगालीत गंधगोकुळ, कारण त्याच्या अंगाला सुगंधी तांदळासारखा वास येतो असे तिथे सांगतात. आमच्या बेगमना हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, म्हणजे बिर्याणीचा वास येणाऱ्याला तुम्ही मुर्दाखोर ठरवलंत.

वजन साधारण तीनचार किलो. दिवसा ढोलीत, माळ्यावर, कवेलूंच्या खाली झोपते, रात्री हिंडते. मुख्य खाणे फळे, त्याशिवाय उंदीर, किडे, पाखरांची अंडी. सातभाई उगाच ओरडत नव्हते. फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात आणि उगवतात, त्यामुळे रानात ते एक प्रकारचे माळीकाम करते. इंडोनेशियात याच्याच विष्ठेतून निघालेल्या कॉफीच्या बिया धुऊन, भाजून ‘कोपी लुवाक’ नावाची महागडी कॉफी विकतात, आणि त्यासाठी कित्येक ठिकाणी या जनावरांना पिंजऱ्यात कोंडून नुसत्या कॉफीच्या फळांवर ठेवतात. तिथे लोभ त्याच्या मागे लागला, इथे अफवा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे किंवा पकडणे गुन्हा आहे. घरात शिरले तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, काठी घेऊन धावू नये.

मग बिज्जू कोण? तो वेगळा. पाठ चांदीसारखी पांढुरकी, पोट आणि पाय काळे, पुढच्या पायांना लांब मजबूत नख्या. मधमाशांची पोळी फोडणारा, साप-उंदीर खाणारा. विदर्भाच्या जंगलांत तो आहे, पण फार थोड्यांच्या नजरेस पडतो. जमीन उकरण्यात तो पटाईत, मेलेले जनावरही खातो, आणि इंग्रजांच्या काळातल्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांतही त्याच्यावर कबरी उकरण्याचा आरोप नोंदवलेला आहे. म्हणजे गोष्ट अगदीच हवेतली नाही. उथळ कबर आणि भुकेला प्राणी असे जमले तर बिज्जूच काय, कोल्हा आणि गल्लीतला कुत्राही उकरील. पण दोन वेगळ्या जनावरांना एकच नाव, आणि त्या नावाला एकच गुन्हा, असे आपण करून ठेवले आहे.

हे सगळे छान झाले. पण मुलाच्या नानांच्या कबरीचे काय, याचे उत्तर यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. मामूंनी बसवले, चहा दिला आणि हलक्या आवाजात सांगितले. जुलैमध्ये, ऐन पावसात वालिदसाहेबांचे इंतकाल झाले. ऑगस्टमध्ये एका जुम्म्याला फातेहा पढायला गेले तर कबर डोक्याकडच्या बाजूने खचलेली, आणि कडेला एक भोक. सोबतच्या कोणी तरी म्हटले, बिज्जू. मुलगा जवळच उभा होता. गोरकनाने त्याच दिवशी माती भरली, पण वस्तीत चर्चा झाली ती झाली. नानीला घरातल्या कोणी सांगितले नव्हते. "त्यांना काही माहीत नाही," मामू म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या पडद्यामागून आवाज आला. नानी इद्दतीत होत्या, थोडेच दिवस उरले होते. त्यांनी विचारले, "मास्टरसाहब, वो जानवर कैसा था?"

खोलीत कोणी हलले नाही. तीन महिने त्या बाईला सगळे ठाऊक होते, आणि विचारायला कोणी माणूस नव्हता.

आम्ही सांगितले, झाडावर होता, छोटासा होता, फळे खाणारा होता, त्याने हे केलेले नाही. पडद्यामागून पुन्हा प्रश्न आला. मग कोणी केले?

जुम्म्याच्या नमाजनंतर मामू, मुलगा आणि आम्ही कब्रस्तानात गेलो. कोणते ते लिहीत नाही, आपल्या शहरात जुनी कब्रस्ताने बरीच आहेत आणि सगळ्यांची कहाणी कमीअधिक सारखीच. गोरकन साठीचे. बापापासून हेच काम. आम्ही भीत भीत विषय काढला. ते म्हणाले, "सर, बिज्जूचं नाव फार स्वस्त झालंय. कोणीही उचलतं."

मग त्यांनी मुलाला हाताला धरून कबरीपाशी नेले आणि त्याला समजेल असे सांगितले. आम्ही आयुष्यात इतका चांगला पाठ कोणाला देताना पाहिला नाही. "हे बघ बेटा, ही आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. बगली कबर हिच्यात टिकत नाही, बगल ढासळते, म्हणून आपण संदूकी खोदतो. मधे मय्यत, वर फळ्या, फळ्यांवर माती. तुझ्या नानांच्या दिवशी पाऊस असा होता की खोदता खोदता मी पाणी उपसत होतो. माती ढेकळांची, ओली. ढेकळांमध्ये पोकळी राहते. पुढे पाऊस लागला की ढेकळं विरघळतात, माती बसते. वरून बघणाऱ्याला वाटतं कबर खचली. ती खचत नाही, बसते."

मुलाने विचारले, "और वो होल?"

"घूस. मोठा उंदीर. पोकळ जमीन मिळाली की ती शिरते." त्यांनी दोन ओळी पलीकडे एका जुन्या कबरीच्या कडेला तसेच भोक दाखवले, मुठीएवढे, काठाशी बारीक मातीचा ढिगारा. "आता अक्कल लाव. कोणी वरून उकरलं असतं, तर माती कुठे पडली असती?"

मुलगा विचार करून म्हणाला, "बाहेर."

"तुझ्या नानांच्या कबरीची माती कुठे गेली होती?"

"आत."

"मग?"

मुलगा काही बोलला नाही. वाकून त्याने कबरीवरची माती तळहाताने थोडी सारखी केली.

गोरकनांनी आम्हाला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या, त्या लिहिल्याच पाहिजेत. एक, भीती खरी आहे ती कुत्र्यांची. मागची भिंत दोन पावसाळ्यांपासून पडलेली, रात्री टोळ्या येतात, त्यामुळे लहान मुलांच्या कबरी त्यांना जास्त खोल घ्याव्या लागतात. दुसरी, लोक कफनाला चांगले कापड आणतात आणि फळ्या सगळ्यांत स्वस्त, ओल्या लाकडाच्या. त्या दोन पावसाळेही काढत नाहीत. "मी बोललो तर म्हणतात गोरकन पैसे काढतो," ते म्हणाले. बिज्जू त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला, लहानपणी, बापाबरोबर गावाकडे, तोही मधाच्या पोळ्यापाशी. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "खोदण्याच्या कामात आमचा पहिला उस्ताद कावळा. काबीलला त्यानेच शिकवलं. आमच्या धंद्यात पाखरांची बदनामी आम्ही करत नाही, जनावरांची का करू?"

भिंतीबद्दल आम्ही कमिटीला अर्ज दिला आहे. मामूंनी दोघातिघांना जमवून तात्पुरते पत्रे लावले. पुढचे पुढे.

त्या संध्याकाळी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. पडद्यापलीकडे नानी वाट पाहतच होत्या. सगळे सांगितले, ढेकळे, पोकळी, घूस, माती आत गेलेली. काही लपवले नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाऊसच होता."

"जी."

"पावसात भिजायला त्यांना आवडायचं. छत्री घेऊन गेले तर परत कधी आणली नाही."

मामू मान खाली घालून हसले, आणि मग उठून खिडकीपाशी गेले.

वर्गात आम्ही आमचा गुन्हा कबूल केला. जनावर न ओळखता नाव घेतले, आणि त्या नावाने दगड उचलला गेला. मुलांना मास्तरांची चूक ऐकायला फार आवडते, ते दोन दिवस खूश होते. एकाने विचारले, "सर, दगड लागला असता तर?" आम्हाला उत्तर देता आले नाही. दगड टाकणाऱ्यानेच दिले, आपल्या बाकावरून, न उठता. "सलीम अलींचा लागला होता."

पक्षी सप्ताहाच्या वह्या तपासायला आल्या. प्रत्येकाने पाहिलेल्या पाखरांची यादी करायची होती, उर्दू आणि मराठी दोन्ही नावांसह. कोणाची अकरा, कोणाची चौदा, एका हुशार मुलीने घरातल्या कोंबड्या धरून बावीस केली. या मुलाच्या यादीत सतरा पाखरे होती, सातभाई धरून. खाली एक ओळ सोडून त्याने लिहिले होते, "18. उद्मांजर (पक्षी नाही, पण होता)." उर्दूचा रकाना त्याने मोकळा ठेवला होता.

आम्ही ‘द’चा पाय सुधारला आणि बरोबरची खूण केली. उर्दूच्या रकान्यात काय लिहावे हे आम्हालाही सुचले नाही, म्हणून तो तसाच आहे.